जुन्या गाडीचे स्पीकर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला लगेच स्पीकर विकू नका



या वेळच्या व्हिडिओत कार ॲक्सेसरीजच्या धंद्यावर बोललो, पण स्पीकरच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं आली. तेवढ्यात तो विषय बसत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. तुमचं ॲक्सेसरीजचं दुकान असेल, तुम्ही ऑटो इलेक्ट्रिशियन असाल, किंवा दारात एक जुनी गाडी उभी असेल आणि तिचा आवाज "फाटून रायला" असेल, तरी वाचा. गिऱ्हाईक म्हणून वाचलंत तरी पैसे वाचतील.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावात जुन्या गाड्यांचा आवाज सुधारून देणं हा चांगला, टिकणारा धंदा आहे. पण तो स्पीकरचे डबे विकण्याचा धंदा समजून केलात, तर तो बसणार. डबा मोबाइलवरही मिळतो, नागपुरातही मिळतो. २०२४च्या फेब्रुवारीत वर्धा–कळंब रेल्वे सुरू झाली, यवतमाळ–वर्धा महामार्ग तर दारातूनच जातो. म्हणजे गिऱ्हाइकाला बाहेर जायला वाटा वाढल्या आहेत. तुमच्याकडे राहतं ते एकच, गाडीचं दार उघडून आत काय बिघडलंय ते सांगणारा हात. त्या हाताचे पैसे घ्यायला शिका.

"गाड्याच नव्या येऊन राहिल्या, जुन्या किती दिवस चालतील?" असं काही जण विचारतात. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उभं राहून बघा. इंडिकाचं उत्पादन २०१८ला थांबलं, ओम्नी आणि सुमोचं २०१९ला. पण गाडी कंपनीत बंद झाली म्हणून आपल्याकडे बंद होत नाही. सोयाबीनचं पोतं, कापसाचं बोंदरं, पोरांची शाळा, चतुर्थीला चिंतामणीचं दर्शन, सगळं एकाच बोलेरोत किंवा अल्टोत होतं. १५ वर्षं झालेल्या चारचाकीचं पासिंग पुन्हा करायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. लोकांनी कुरकुर केली आणि भरली, कारण नव्या गाडीच्या हप्त्यापुढे पाच हजार म्हणजे काहीच नाही. जो माणूस पासिंगला पाच हजार भरतो, त्याला ती गाडी अजून पाच वर्षं चालवायची आहे. हा तुमचा गिऱ्हाईक.

आता तो दुकानात येतो आणि म्हणतो, "भाऊ, हे स्पीकर बेकार झाले, चांगले टाकून द्या. किती लागतीन?" इथंच बहुतेक दुकानदार मागे वळून फळीवरून डबा काढतात. काढू नका. आधी गाडीत बसा.

स्टिरिओ चालू करा. बॅलन्स आणि फेडरची बटणं वापरून एकेक स्पीकर वेगळा ऐका. चारपैकी कोणता फाटतो, कोणता मुका आहे, ते दोन मिनिटांत कळतं. मग दार हळूहळू उघडा, बंद करा. दार हललं की आवाज येत-जात असेल, तर स्पीकर धडधाकट आहे. दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत तार तुटली आहे. रोज वीस-पंचवीस वेळा उघडझाप, वर्षानुवर्षं, तार किती दम धरणार? वीतभर तार आणि अर्धा-पाऊण तास हेच तिचं औषध. इथं नवा स्पीकर विकणारा दुकानदार एकदाच कमावतो, कारण नव्या स्पीकरचाही आवाज आठवड्याभरात जातो आणि मग गावभर बोभाटा होतो.

दाराचं पॅनल उघडलं तर स्पीकर बाहेर काढा, त्याच्या तारा स्टिरिओपासून सोडवा. पडदा चारी बोटांनी सारखा दाब देऊन हलकेच आत ढकला. आत घासल्यासारखं खरखर लागलं तर कॉइल गेली. कडेचा फोम बोटानं भुगा होत असेल तर तोही गेला. आपल्या उन्हाळ्यात काचा बंद करून दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीत हा फोम सगळ्यात आधी मरतो. मल्टिमीटर लावा, ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवून बघा. सेलची प्लस बाजू स्पीकरच्या प्लसला लावली की पडदा बाहेर यायला हवा.

शेवटची गोष्ट खेळ वाटेल, पण तिच्यावर कित्येक गाड्यांचा आवाज अडलेला असतो. आधीच्या कोणी फिटरनं एका दाराची प्लस-मायनस उलटी जोडली असेल, तर डावा पडदा बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो. दोघं एकमेकांची हवा खातात. आवाज येतो, फाटतही नाही, पण ढोलकीचा ठोका गायब आणि गाणारा माणूस नेमका कुठं उभा आहे ते कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतो, "बास नाही भाऊ." दुकानदार त्याला वूफर विकतो! खरं तर दोन तारा अदलाबदल करायच्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, सर, असं केलं तर स्पीकर विकायचेच नाहीत का? विकायचे ना. पण तपासणीचे पैसे घेऊन विकायचे. त्याच्या हिशोबाकडे येतोच. त्याआधी डब्यावरच्या एका आकड्याचा निकाल लावू, कारण त्या आकड्यानं गिऱ्हाइकालाही फसवलंय आणि दुकानदारालाही.

स्टिरिओवर लिहिलेलं असतं ५० वॉट गुणिले ४. हा ५० कुठून आला? गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग केला आणि ओहमनं भागला की वॉट मिळतात. १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७, भागिले ४, म्हणजे जवळपास ५२. आला का ५०? पण हा आकडा स्टिरिओ पूर्ण फाटून ओरडतोय तेव्हाचा आहे. स्वच्छ आवाजासाठी तेच १४.४ आधी १.४१नं भागावे लागतात, मग होतात १०.२, त्यांचा वर्ग १०४, भागिले ४, म्हणजे २६. त्यातूनही आतल्या चिपमध्ये थोडं जातं. म्हणजे डब्यावर ५० लिहिलेल्या स्टिरिओतून ऐकण्यासारखे १८–२० वॉट मिळतात. कंपनी कोणतीही असो, स्टिरिओत वेगळा व्होल्टेज वाढवणारा भाग नसेल तर बारा व्होल्टच्या गाडीत याच्या पुढे जाता येत नाही. हा हिशोब दुकानातल्या पोरालाही करता आला पाहिजे.

एवढं कळलं की "३५० वॉट" छापलेला भारी स्पीकर या स्टिरिओला लावून काय होणार, ते कळतं. जड पडदा, जड कॉइल, आणि ढकलायला फक्त वीस वॉट. जुन्या स्पीकरपेक्षाही दबका आवाज येतो. गिऱ्हाईक आवाज वाढवतो, स्टिरिओ फाटतो, फाटलेला आवाज ट्वीटर जाळतो. म्हणून डब्यावर वॉटऐवजी सेन्सिटिव्हिटी वाचा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. ८८चा स्पीकर आणि ९१चा स्पीकर यात तीनचाच फरक दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला ९१वाल्याला निम्मे वॉट पुरतात. ॲम्प्लिफायर न लावता स्पीकर बदलायचे असतील तर ९०च्या पुढचे, हलक्या पडद्याचे, ४ ओहमचे घ्या. घरच्या होम थिएटरचे ८ ओहमचे स्पीकर दारात ठोकणारे महाभागही आहेत. त्यात स्टिरिओची ताकद आणखी अर्धी होते.

आता दार. या धंद्यातलं खरं कसब दारात आहे.

स्पीकरचा पडदा पुढे आवाज फेकतो तसा मागेही फेकतो, उलटा. मागचा आवाज फिरून पुढे आला की खालचे सूर एकमेकांना मारतात. घरच्या स्पीकरला म्हणून लाकडी पेटी असते. गाडीत पेटी म्हणजे दार. आणि जुन्या गाडीच्या दाराची अवस्था काय असते? आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं, त्यावरचा प्लास्टिकचा कागद कधीतरी काच दुरुस्त करताना फाडलेला, क्लिपा अर्ध्या गायब, पॅनल खुळखुळतंय. या भोकांच्या पेटीत पाच हजारांचा स्पीकर बसवा किंवा दीड हजारांचा, दोन्ही सारखेच केविलवाणे वाजतात. लोक स्पीकरला शिव्या देतात, दाराकडे कोणी बघत नाही.

काम सोपं आहे, वेळखाऊ आहे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबरची ॲल्युमिनियमवाली डॅम्पिंग शीट लावा. पूर्ण झाकायची गरज नाही. स्पीकरच्या मागच्या भागात आणि पत्रा जिथं वाजवल्यावर पत्र्यासारखा वाजतो तिथं, एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं. आतल्या पत्र्याची भोकं बंद करा. स्पीकर आणि पत्रा यांच्यात फोमची पट्टी घाला. क्लिपा नव्या टाका, त्या चिल्लर पैशात मिळतात. स्वस्त पडते म्हणून छपराची डांबरी शीट कोणी दारात चिकटवत असेल तर चिकटवू द्या त्याला, तुम्ही नका. आपल्याकडच्या मे महिन्यात ती सैल होऊन घसरते आणि गाडीत रस्त्याच्या कामासारखा वास येतो. गिऱ्हाइकाची बायको नाक मुरडते आणि तुमचं नाव घेते.

एक गोष्ट मात्र जपा. दाराच्या अगदी खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते तिथून बाहेर जातं. उत्साहात तीही शीटनं बंद केली की पाणी आत साचतं आणि दार खालून सडतं. आधी ती भोकं काडीनं मोकळी करा. जुन्या गाडीत ती काळ्या मातीच्या धुळीनं आधीच बुजलेली असतात. तसंच स्पीकरखाली एमडीएफच्या लाकडी रिंगा बसवायची पद्धत आहे. त्या पाण्यानं फुगतात, प्लास्टिकच्या घ्या. आणि काच पूर्ण खाली करून स्पीकरची खोली मोजल्याशिवाय स्क्रू आवळू नका. हे सांगायची गरज नसावी, पण चुंबकावर आपटून फुटलेल्या काचेची भरपाई स्पीकरच्या नफ्यातून होत नाही.

आता हिशोब. हे आकडे समजावण्यापुरते धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

पद्धत पहिली. पुढच्या दारांची जोडी २,४०० रुपयांची. तुम्हाला पडली २,०५०ला. गिऱ्हाईक मोबाइल दाखवतो, "हे पा, ऑनलाइन २,१५०ला हाये." घासाघीस होऊन २,२०० ठरतात, वरून "फिटिंग फ्री ना भाऊ?" तुम्ही हो म्हणता. अडीच तास दोन दारं उघडून-लावून हाती आले दीडशे रुपये. तासाला साठ. तुमच्याकडे काम करणारा पोरगा यापेक्षा जास्त रोजी मागतो.

पद्धत दुसरी. तपासणी १५०. दोन दारांची फिटिंग ७००. शीट, फोम, क्लिपा, तार मिळून ९००, त्यात तुमचे ३००. स्पीकर २,२५०ला, त्यात तुमचे २००. गिऱ्हाइकाचं बिल झालं ४,०००, तुमच्या हाती राहिले १,३५०. चार तास लागले असं धरा, तासाला ३३७. ऑनलाइनवाल्यानं स्पीकरचा भाव आणखी दोनशेनं पाडला आणि तुमचे स्पीकरमधले दोनशे पूर्ण गेले, तरी ११५० हातात आहेत. दुसऱ्या पद्धतीत स्पीकर हा तुमच्या कमाईचा लहानसा तुकडा आहे. म्हणून मी म्हणतो, डब्यावर भांडू नका.

तपासणीचे दीडशे कामातून वजा करावेत असं बरेच प्रशिक्षक सांगतात. मला पटत नाही. वजा केलेत की तपासणी म्हणजे काम मिळवायचं आमिष होतं, आणि मग तुटलेली तार सापडली तरी हात स्पीकरच्या डब्याकडे वळतो. दीडशे वेगळे घ्या, बिलावर वेगळे लिहा. तार तुटलेली निघाली तर दीडशे अधिक जोडणीचे पैसे घेऊन माणसाला घरी पाठवा. तो माणूस पुढच्या महिन्यात मेहुण्याची गाडी घेऊन येतो की नाही बघा.

बिलावर मजुरी लिहायची म्हटलं की जीएसटीचा प्रश्न येतो, तो थोडक्यात. फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. पण फिटिंगची मजुरी घेता म्हणजे सेवाही देता, तेव्हा २० लाखांची मर्यादा धरून चाला. तुमच्या सीएशी एकदा बसून घ्या.

पण सर, चार हजार ऐकल्यावर गिऱ्हाईक उठून जातो ना! जातो. कारण त्याला फरक ऐकूच आलेला नाही. दुकानातल्या भिंतीवर फळीला स्पीकर ठोकून बटण दाबून ऐकवायची पद्धत आहे. त्या फळीमागे पेटी नसते, दार नसतं. तिथं जो स्पीकर किंचाळतो तो चांगला वाटतो, आणि तोच गाडीत कान खातो.

१९३० सालची गोष्ट आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन नावाच्या माणसानं गाडीत बसणारा रेडिओ तयार केला. अटलांटिक सिटीत रेडिओ कंपन्यांचा मेळावा होता. स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. त्यानं आपली स्टुडबेकर गाडी मेळाव्याच्या बाहेर लावली आणि रेडिओ मोठ्यानं सुरू केला. येणारे-जाणारे थांबून ऐकू लागले, ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओला नाव दिलं मोटोरोला, आणि पुढे कंपनीचंच ते नाव झालं. गाडीतला आवाज गाडीत ऐकवला, एवढंच त्यानं केलं.

तुम्ही याहून सोपं करू शकता. एकच दार आधी करा. डावं दार पूर्ण, शीट-फोम-स्पीकर सगळं. उजवं जुनंच ठेवा. मग गिऱ्हाइकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, त्याच्याच मोबाइलवरचं त्याच्या आवडीचं गाणं किंवा कीर्तन लावा, आणि बॅलन्सचं बटण त्याच्या हातात द्या. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. तुम्ही बाहेर उभे राहा, तोंड बंद ठेवा. समजावून सांगण्याची गरजच पडत नाही. आणि ठरलेलं असू द्या, की फरक वाटला नाही तर स्पीकर परत, फक्त एका दाराची मजुरी आणि लावलेल्या शीटचे पैसे द्यायचे. हे आधी, काम हातात घेण्यापूर्वी बोला. मागाहून बोललात तर भांडण.

आणि ऐकवताना फक्त डीजेची गाणी लावू नका. आडत्याला, कृषी केंद्रवाल्याला, काळी-पिवळी चालवणाऱ्याला गाडीत सगळ्यात जास्त काय ऐकायचं असतं? फोन. डिझेल इंजिनाच्या घरघरीत समोरचा माणूस भाव सात हजार म्हणाला की साडेसात, ते स्वच्छ ऐकू यायला हवं. फोनवरचा माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्ये असतो. तो पुढच्या दारांतून येतो, डिकीतल्या वूफरमधून नाही. ब्लूटूथवर एक फोन लावून दाखवा. म्हणूनच पैसे कमी असतील तर चार हलके स्पीकर घेण्यापेक्षा पुढची एकच जोडी नीट करा, मागचे जुने तसेच राहू द्या, फेडर थोडा पुढे घ्या. गाडीत नवरा-बायको पुढेच बसतात. मागे पोरं असतात, त्यांच्या कानाला मोबाइल असतो.

याला एक अपवाद आहे. स्टिरिओच इतका जुना असेल की त्यात ब्लूटूथ नाही, आणि गिऱ्हाईक लायटरच्या भोकात एफएमचं खेळणं लावून गाणी ऐकतोय, तर आधी स्टिरिओ बदला. उगमच गढूळ असेल तर स्पीकर काय करणार! पण साधा चांगला स्टिरिओ पुरतो. मोठ्या पडद्याचा स्वस्त अँड्रॉइड सेट दिसायला झकास, पण उन्हात तापला की अडखळतो, आणि आवाज काढणारी चिप बहुधा त्याच अठरा-वीस वॉटांची. त्यात दुकानदाराला मार्जिन बरं सुटतं, हे मला माहीत आहे. तरी सांगतोय.

वूफरबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. पंधरा वर्षांच्या लहान गाडीत मोठा ॲम्प्लिफायर आणि वूफरचा डबा लावून देणं मी तुम्हाला सुचवणार नाही, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभा असला तरी. खरे ४०० वॉट काढायचे तर साधा ॲम्प्लिफायर बॅटरीतून जवळपास ७०० वॉट ओढतो, म्हणजे ५० अँपिअर. त्या गाडीचा अल्टरनेटर हेडलाइट, पंखा आणि बॅटरी एवढाच संसार सांभाळायला दिलेला आहे. रात्री लाइट मिचमिचतात, सकाळी गाडी धक्का मागते. द्यायचाच झाला तर जाड तांब्याची तार, आणि बॅटरीपासून वीत-दोन वीत अंतरात फ्यूज. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, तारेसाठी असतो. पत्र्याच्या भोकातून गेलेली तार घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसला, तर थांबवणारं कोणी नाही, गाडी पेटते. तिथं रबरी ग्रोमेट घाला. आणि रात्री १० ते सकाळी ६ हे २०००च्या ध्वनी नियमांतलं बंधन वरातीच्या गाडीलाही लागू आहे, हे बिल देतानाच सांगून ठेवा.

छोट्या गाड्यांच्या शेजारी २४ व्होल्टचे ट्रकही येतात. दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट ओढून स्टिरिओ लावायची जुनी खोड आहे. एक बॅटरी कायम उपाशी, दुसरी जास्त खाऊन फुगलेली, आणि दोन्ही लवकर जातात. कन्व्हर्टर लावा आणि त्याचे पैसे घ्या.

तारा पिळून टेप गुंडाळायची सवय मात्र आजच सोडा. उन्हात टेपचा डिंक वितळतो, टेप निसटते, दोन तारा भेटतात आणि स्टिरिओची चिप जाते. गाडीचा मूळ सॉकेट न कापता बसणारा कपलर बहुतेक मॉडेलला मिळतो. मालक उद्या गाडी विकेल तेव्हा जुना स्टिरिओ परत लावता येतो, आणि पुढचा फिटर तुमच्या नावानं बोटं मोडत नाही. कपलर नसेल तर क्रिम्प करा किंवा डाग द्या, वर आकसणारी नळी चढवा.

राहिला तो गिऱ्हाईक, जो डबा ऑनलाइन घेऊन येतो. "फक्त बसवून द्या भाऊ." बऱ्याच दुकानांत त्याच्याकडे चोरासारखं बघतात, किंवा "बाहेरचा माल आम्ही लावत नाही" म्हणून परत पाठवतात. मला विचाराल तर त्याला खुर्ची द्या, चहा सांगा. त्यानं तुमचं कमी कमाईचं काम स्वतःच करून आणलंय, तुमचे पैसे मालात न अडकवता. स्पीकरची वॉरंटी त्याची आणि कंपनीची, फिटिंगची जबाबदारी तुमची सहा महिने, हे बिलावर लिहा. डबा त्याच्यासमोर उघडा, मल्टिमीटर लावा, सेल टेकवा, पडदा हलला ते दाखवा, मगच दाराला हात लावा. बिघडलेला निघाला तर तो तिथेच कळला, तुमच्या हातून बिघडला असं नंतर म्हणता येत नाही.

आणि दर पाटीवर लिहून भिंतीला लावा, मोठ्या अक्षरात. तपासणी इतके, एका दाराची फिटिंग इतकी, शीट लावण्याचे इतके, तुटलेली तार जोडण्याचे इतके. माल तुमचा असो की बाहेरचा, मजुरी तीच. पाटी लागल्यावर पहिले आठ-दहा दिवस लोक वाचून हसतील, दोघं-तिघं निघूनही जातील. त्या दिवसांत पाटी काढू नका.